घरचें आरोग्य : पाय कां उचलले नाहींत?

सासूबाईंनीं सुनेविषयीं लिहिलेलीं पत्रें या सदराकडे अधूनमधून येतात, आणि त्यांचा सूर बहुधा तक्रारीचाच असतो. गेल्या महिन्यांत आलेलें एक पत्र मात्र निराळें होतें. नांव-गांव गाळून त्यांतील हकीकत येथें देत आहों. स्वयंपाकघरांत गॅसच्या नळीनें पेट घेतला. चार हातांवर पाळण्यांत सात महिन्यांचें मूल निजलें होतें. सून ओट्यापाशीं उभी होती. तिनें ज्वाळा पाहिली, पाळणा पाहिला, आणि ती जागच्या जागीं उभी राहिली; ओरडली नाहीं, हललीहि नाहीं. देवघरांतून सासूबाई धांवत आल्या, त्यांनीं मूल उचललें, दिरानें रेग्युलेटर बंद केला, आणि ईश्वरकृपेनें कोणास इजा झाली नाहीं. या गोष्टीला चार महिने होऊन गेले. सून अजून स्वयंपाकघरांत एकटी जात नाहीं. मूल मांडीवर घेतांना तिचे हात गार पडतात. रात्रीं ती दचकून उठते. आणि घरांत एक वाक्य फिरत राहिलें आहे: आईचें काळीज असतें तर पाय आपोआप उचलले असते. पत्राच्या शेवटीं सासूबाई विचारतात, "ती मुलावर जीव टाकते हें मी रोज पाहतें. मग त्या वेळीं तिचे पाय कां उचलले नाहींत? आणि आतां यावर औषध काय?"

दोन्ही प्रश्नांना आज बऱ्यापैकीं उत्तरें आहेत. परंतु पहिल्याचें उत्तर घरांतील मंडळींस पटल्यावांचून दुसऱ्याचा गुण येत नाहीं. म्हणून आधीं पायांची गोष्ट.

आपल्या भाषेनें या प्रकाराची नोंद शास्त्रज्ञांच्या पुष्कळच आधीं करून ठेविली आहे. भयाच्या वेळीं मराठी माणसाचे पाय जमिनीला खिळतात, त्याची दांतखीळ बसते, रक्त गोठतें, तो थिजतो. उलट भयाच्याच वेळीं त्याचे हातपाय गळतात, अंगांतलें त्राण जातें, डोळ्यांपुढें अंधारी येते, तो गर्भगळित होतो. पहिल्या गटांतील शब्द ताठरपणाचे आहेत, दुसऱ्या गटांतील ढिलेपणाचे. हे केवळ भाषेचे अलंकार नव्हेत. शरीराच्या या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत, आणि त्यांवरील उपायहि निरनिराळे आहेत, हें पुढें दिसेल. नाट्यशास्त्रांत जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत त्यांतील पहिला स्तंभ आणि शेवटचा प्रलय. एक म्हणजे खांबासारखें ताठणें, दुसरा म्हणजे भान हरपून कोसळणें. मध्यें घाम आहे, रोमांच आहे, स्वरभंग आहे, कंप आहे, चेहऱ्याचा रंग उडणें आहे. स्तंभाच्या कारणांमध्यें भय गणलेलें आहेच. नटाच्या दृष्टीनें या आठांची अडचण अशी कीं, हात हलवावा किंवा भुवई उचलावी तसे ते नुसत्या हुकमानें आणतां येत नाहींत. मन त्या भावांत खरोखरीच बुडावें लागतें. जी गोष्ट रंगभूमीवर हुकमानें येत नाहीं, ती स्वयंपाकघरांत हुकमानें जाईल कशी?

पाश्चात्त्य शरीरशास्त्राला येथवर पोंचण्यास मात्र बराच वेळ लागला. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत भय व क्रोध यांच्या वेळीं अॅड्रिनल ग्रंथींचा स्राव कसा सुटतो, हृदय कसें जोरानें चालूं लागतें, रक्त स्नायूंकडे कसें वळतें, याचें वर्णन केलें; आणि 'लढा किंवा पळा' हें सूत्र जगभर झालें. सूत्र खरें आहे, पण अपुरें आहे. त्यामुळें दोन-तीन पिढ्यांचा असा ग्रह होऊन बसला कीं, संकटांत जो लढला नाहीं आणि पळालाहि नाहीं, त्याच्या ठिकाणीं कांहींतरी उणें आहे. वस्तुतः लढण्याच्या व पळण्याच्याहि आधीं शरीर जें करतें तें थबकणें.

हें कसें घडतें तें थोडक्यांत सांगतों. मेंदूच्या आंत दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराचा एकेक लहानसा पुंजका आहे; त्याला अमिग्डाला म्हणतात, व त्या ग्रीक शब्दाचा अर्थहि बदाम असाच आहे. धोक्याची वर्दी तेथें पोंचते, तेथून ती मध्यमेंदूंतील राखी पेशींच्या एका भागाकडे जाते, आणि तेथून स्नायूंना हुकूम सुटतो: थांब. कपाळामागील, सारासार विचार करणाऱ्या मेंदूला विचारून हा हुकूम सुटत नाहीं. त्याला तो मागाहून कळतो. या अवस्थेंत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. स्नायू ताठ असतात, कान टवकारलेले असतात, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, आणि तरीहि हृदयाचे ठोके मंदावतात. गाडीवानानें एका हातानें बैलांना पराणी टोंचावी आणि दुसऱ्या हातानें कासरा ओढून धरावा, तशी ही स्थिति. कासरा सुटला कीं गाडी उधळणार. म्हणजेच पळ किंवा लढाई. हरणाला या थबकण्याचा उपयोग उघड आहे, कारण शिकारी जनावराची नजर हालचालीवर जाते. माणसांतहि हा प्रकार मोजून पाहिलेला आहे. नेदरलंड्समधील कॅरिन रोएलॉफ्स व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संतुलन मोजणाऱ्या फळीवर माणसें उभीं करून त्यांना रागावलेल्या चेहऱ्यांचीं चित्रें दाखविलीं. उभ्या माणसाचें शरीर नकळत किंचित् डोलत असतें. तें डोलणें कमी झालें आणि नाडी मंदावली. हा परिणाम नुसत्या चित्रांचा! पेटलेली नळी आणि शेजारीं पाळणा असल्यावर काय व्हावें याची कल्पना वाचकांनींच करावी.

याच्या पलीकडे दुसरी, अधिक खोल अवस्था आहे. सुटकेची वाट उरली नाहीं आणि शत्रूची पकड बसली, म्हणजे शरीर अखेरचा कासरा ओढतें. अॅथनेशियस किर्शर नांवाच्या जेझुइट पंडितानें १६४६ सालच्या आपल्या ग्रंथांत एका कोंबडीचा प्रयोग वर्णिला आहे. तिला जमिनीवर दाबून धरून चोंचीपासून पुढें खडूची रेघ ओढली. हात काढून घेतला तरी कोंबडी निपचित पडून राहिली. किर्शरला वाटलें, रेघ म्हणजे आपल्याला बांधलेली दोरीच अशी तिची कल्पना झाली असावी. रेघेचा अर्थातच कांहीं संबंध नव्हता. दाबून धरणें हेंच कारण. पुढें १९७० नंतरच्या वर्षांत गॉर्डन गॅलप यांनीं कोंबड्यांवर पुष्कळ प्रयोग केले. जवळपास पेंढा भरलेला ससाणा ठेविला तर हें निपचित पडणें अधिक लांबतें, असें त्यांस आढळलें. याला शास्त्रांत टॉनिक इमोबिलिटी म्हणतात. आपण 'भयस्तंभ' म्हणूं. ही झोंप नव्हे, बेशुद्धीहि नव्हे. प्राणी सर्व पाहत असतो, ऐकत असतो. पण हलतां येत नाहीं, ओरडतां येत नाहीं, आणि वेदनाहि बोथटतात. हें निरर्थकहि नाहीं. कोल्ह्यांनीं पकडलेलीं बदकें अशीं मेल्यासारखीं पडून राहतात व संधि मिळतांच त्यांतलीं कांहीं निसटतात, असें १९७५ सालच्या एका प्रसिद्ध निरीक्षणांत नोंदलेलें आहे.

माणसाच्या तोंडून ऐकावयाचें असेल तर डेव्हिड लिव्हिंग्स्टनची साक्ष काढतां येईल. आफ्रिकेंत १८४४ सालीं सिंहानें त्याचा खांदा तोंडांत धरून त्याला गदगदा हालविलें. तेरा वर्षांनीं त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत लिहिलें कीं, त्या क्षणीं आपल्याला एक प्रकारचें स्वप्नवत् बधिरपण आलें. काय चाललें आहे तें सर्व कळत होतें, पण वेदना वा भीति जाणवत नव्हती. मांजरानें झिंजाडलेल्या उंदराचें असेंच होत असावें. हा गृहस्थ भित्रा होता असें आजवर कोणीं म्हटलेलें आमच्या वाचनांत नाहीं. पुढें १८६४ सालीं एक लहानशी आगबोट स्वतः हांकीत तो हिंदी महासागर ओलांडून मुंबई बंदरांत उतरला होता! पुरुष सिंहाच्या जबड्यांत निपचित पडला तर ती ईश्वराची दया, आणि स्त्री तशाच पकडींत निपचित पडली तर मात्र तिला प्रश्न: तूं ओरडली कां नाहींस?

हा प्रश्न किती महाग पडतो याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत १९७२ सालीं एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें दोषी ठरविलेल्या शिपायांना सर्वोच्च न्यायालयानें सोडून दिलें. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहींत, यावर त्या निकालांत बराच भर होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या चौघा विधिपंडितांनीं १९७९ सालीं सरन्यायाधीशांस खुलें पत्र लिहून विचारलें कीं, निमूटपणा म्हणजे संमति कशी? त्या पत्रांतून चळवळ उभी राहिली, १९८३ सालीं कायदा बदलला, आणि २०१३ सालच्या दुरुस्तीनें स्पष्टच घातलें गेलें कीं, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून स्त्रीची संमति होती असें मानतां येणार नाहीं. दि. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतहि हें कलम कायम आहे. कायद्याला जें कळलें तें शास्त्रानेंहि मोजलें. स्टॉकहोम येथील तातडीच्या दवाखान्यांत आलेल्या २९८ अत्याचारपीडित स्त्रियांची पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील शेंकडा ७० स्त्रियांना त्या प्रसंगीं भयस्तंभ लक्षणीय प्रमाणांत जाणवला होता, आणि शेंकडा ४८ जणींना तो अत्यंत तीव्र होता. सहा महिन्यांनीं पाहतां, ज्यांना तो जाणवला होता त्यांच्यांत आघातोत्तर मनोविकार सुमारें पावणेतीन पट अधिक आढळला.

हा शेवटचा आंकडा नीट ध्यानांत घ्यावा. थिजणें हें संरक्षण असेल तर थिजलेल्या माणसाची पुढें इतकी दशा कां व्हावी? याचें एक कारण शरीराचें: सुटकेची आशा संपते तेव्हांच बहुधा भयस्तंभ येतो, म्हणजे तो प्रसंगच तसा घोर असतो. दुसरें कारण मनाचें, आणि तें घरोघरीं आपणच पुरवितों. पळालेला माणूस म्हणतो, मी पळालों म्हणून वांचलों. लढलेला म्हणतो, मीं दोन हात केले. थिजलेल्याच्या स्मृतींत मात्र सगळें लख्ख असतें आणि स्वतःची कृति तेवढी नसते. ती रिकामी जागा तो अपराधानें भरतो. मी हललों नाहीं, म्हणून जें झालें तें माझ्यामुळें झालें, असें तो स्वतःला सांगतो. आणि जावा, नणंदा, शेजारी तें वाक्य पुरें करून देतात.

म्हणून उपचार म्हणतात तो थिजण्याचा नव्हे. तें तर कांहीं क्षणांत किंवा मिनिटांत संपलें. उपचार करावयाचा तो मागें उरलेल्या तीन गोष्टींचा: अपराधाची भावना, टाळाटाळ, आणि आठवण येतांच पुनः ताठणारें शरीर. तिसरी गोष्ट कल्पनेंतली नव्हे. ब्राझीलमधील एलिआन व्होल्शन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं दाखवून दिलें कीं, आघात सोसलेल्या माणसांना त्यांच्याच प्रसंगाचें वर्णन ऐकविलें असतां कांहींचें शरीर तेथल्या तेथें, फळीवर उभ्या उभ्या, पुनः थिजतें.

पहिल्या महिन्याचें पथ्य वेगळें आहे आणि एकत्र कुटुंबांत तें पाळणें फार कठीण. प्रसंग घडला कीं आप्तेष्ट समाचाराला येतात आणि येणारा प्रत्येकजण म्हणतो, काय झालें तें एकदां पहिल्यापासून सांग बघूं. हेतु चांगला असतो. पण आघातानंतर लागलीच माणसाला बसवून सर्व हकीकत वदवून घेण्याची रीति पाश्चात्त्य देशांतहि कांहीं काळ मोठ्या उत्साहानें चालली होती व तिच्यापासून लाभ दिसला नाहीं, म्हणून आतां ती करूं नये असें मार्गदर्शन आहे. आपण होऊन बोलली तर ऐकावें, न बोलली तर खणूं नये. ऊन जेवण, ओळखीचें माणूस जवळ, रात्रीं दिवा हवा असल्यास दिवा, आणि दिवसाचा नेहमींचा क्रम, एवढ्यावर पुष्कळ माणसें कांहीं आठवड्यांत सांवरतात. झोंप लागत नाहीं म्हणून डायझेपामच्या जातीच्या गोळ्या घरच्या घरीं सुरू करूं नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ सालच्या सूचनांत आघातानंतरच्या पहिल्या महिन्यांत अशा लक्षणांसाठीं त्या देऊं नयेत असेंच म्हटलें आहे.

महिना उलटूनहि दचकणें, टाळणें, दुःस्वप्नें चालू असलीं म्हणजे मात्र वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. पत्रांतील सुनेला चार महिने झाले आहेत. येथें वाचकांस एक विसंगति वाटेल: आतांच सांगितलें कीं हकीकत वदवूं नये, आणि आतां सांगणार आहों कीं हकीकत सांगणें हाच मुख्य उपचार आहे. फरक सांगणाऱ्याच्या हातांत दोरी असण्याचा आहे. एड्ना फोआ यांनीं बसविलेल्या पद्धतींत रुग्ण जाणत्या मानसतज्ज्ञापुढें तो प्रसंग वर्तमानकाळांत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुनः पुनः सांगतो. बैठक सुमारें दीड तासाची, अशा आठ ते पंधरा बैठकी. प्रत्येक वेळीं भय चढतें; पण प्रत्येक वेळीं शेवट येतो, आणि शेवटीं मूल जिवंत असतें. थिजलेल्या माणसाची आठवण बहुधा ज्वाळेपाशींच अडकलेली असते, पुढें सरकत नाहीं. ती पुढें सरकविणें हें या सांगण्याचें काम. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतींत सुमारें बारा बैठकींत मनांत रुतलेल्या वाक्यांची उलटतपासणी होते. 'मी हललें नाहीं म्हणजे मला मूल नको होतें' हें वाक्य कागदावर लिहावयाचें आणि वकिलाप्रमाणें त्याला पुरावा मागावयाचा. हृदयाचे ठोके कमी करणें, स्नायू आवळणें हें तूं ठरविलेंस काय? किती सेकंद मिळाले होते? अपराधाच्या भावनेवर यासारखें औषध नाहीं असें आमचें मत आहे. तिसरी पद्धति फ्रॅन्सिन शपिरो यांची. तींत आठवण मनांत धरून समोरच्या बोटाच्या हालचालीमागें डोळे फिरवावयाचे असतात. गुण येतो, पण डोळे फिरविण्यामुळें येतो कीं आठवणीला सामोरें गेल्यामुळें, याबद्दल वाद आहे. तो वाद पंडितांनीं खुशाल चालवावा.

निर्वासितांसाठीं जर्मनींत तयार झालेली एक पद्धति आम्हांस विशेष हृद्य वाटली. तींत जमिनीवर एक दोरी अंथरतात. ती म्हणजे आयुष्य. सुखाच्या प्रसंगीं तिच्यावर फूल ठेवावयाचें, दुःखाच्या प्रसंगीं दगड. आणि मग एकेका दगडाची कथा जन्मापासून क्रमानें सांगावयाची. एकच दगड डोळ्यांपुढें धरून बसलेल्या माणसाला दोरी केवढी लांब आहे हें प्रथमच दिसतें.

सांगतां सांगतां रुग्ण पुनः थिजला तर काय, हा प्रश्न याच पद्धतीच्या कर्त्यांनीं, मॅगी शावर व थॉमस एल्बर्ट यांनीं, २०१० सालीं सविस्तर हाताळला. आणि येथें आपल्या भाषेंतले ते दोन गट कामास येतात. अंग ताठलेलें असेल तर त्याला वर्तमानांत आणावयाचें: डोळे उघडे, खोलींतल्या पांच वस्तूंचीं नांवें, पायांखालची थंड फरशी, हातांत लिंबू किंवा उग्र वासाची कांहीं वस्तु, चेंडू टाकणें-झेलणें. मूर्च्छितापुढें कांदा फोडणाऱ्या आजीबाईंना वासाचें महत्त्व ठाऊक होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. वहाण हुंगविण्याची चाल मात्र मोडलेली बरी. हातपाय गळून भोवळ येत असेल तर गोष्ट उलट. तेव्हां 'अंग सैल सोड, शांत हो' असें सांगणें चूक, कारण रक्तदाब आधींच उतरत असतो. रक्त पाहून मूर्च्छा येणाऱ्यांसाठीं स्वीडनचे लार्स-गोरान ऊस्ट यांनीं जी युक्ति शोधिली ती येथें लागू पडते: दंड, पोट व मांड्या यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळावे, चेहऱ्याला ऊब जाणवली कीं सोडावे, वीस-तीस सेकंद थांबावें, आणि असें पांच वेळां करावें. प्रत्यक्ष मूर्च्छा आलीच तर आडवें निजवून पाय उंच करावे व तोंडांत पाणी घालूं नये.

केवळ शरीराच्या मार्गानें जाणाऱ्या उपचारांचा हल्लीं पुष्कळ बोलबाला आहे, त्याबद्दल चार शब्द. पीटर लेव्हिन यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन आहे कीं, रानांतलीं जनावरें संकटानंतर थरथरून अडकलेली शक्ति झटकून टाकतात, माणूस तसें करीत नाहीं म्हणून आजारी पडतो. कल्पना मोहक आहे. तिच्या पाठीशीं पुरावा मात्र थोडा आहे. इझ्राएलमध्यें ६३ रुग्णांवर झालेल्या २०१७ सालच्या चांचणींत या पद्धतीचा लाभ दिसला, हें खरें; पण एवढ्यावरून थरथरण्याचा सिद्धान्त खरा ठरत नाहीं. स्टीफन पोर्जेस यांची व्हेगस मज्जातंतूविषयींची उपपत्ति योगवर्गांतून वेदवाक्याप्रमाणें सांगितली जाते. शरीरशास्त्रज्ञांचे तिच्यावर गंभीर आक्षेप आहेत. योगाची गोष्ट जरा निराळी. अमेरिकेंत बेसेल व्हॅन डर कोल्क यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या चांचणींत, जुन्या आघातानें पीडलेल्या ६४ स्त्रियांपैकीं अर्ध्या स्त्रियांना दहा आठवडे सौम्य योगासनें शिकविलीं. त्यांतील शेंकडा ५२ जणी विकाराच्या कक्षेबाहेर आल्या, तर नुसतें आरोग्यशिक्षण मिळालेल्यांपैकीं शेंकडा २१. त्या वर्गांत शिक्षिका कोणाच्याहि अंगाला हात लावून आसन सुधारीत नसे आणि 'करा' न म्हणतां 'वाटल्यास करून पाहा' म्हणे. आपल्याकडील करड्या गुरुजींनीं एवढें तरी तेथून घ्यावें. योग मुख्य उपचाराच्या जागीं नव्हे, त्याच्या जोडीला बरा.

आतां घरानें काय करावें? तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं टाळाटाळ मोडण्यासाठीं एक शिडी आंखतात. पहिली पायरी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर सासूबाईंबरोबर बसणें, भाजी निवडणें. दुसरी आंत ओट्यापाशीं, शेगडी बंद असतांना. मग शेगडी दुसऱ्या कोणीं पेटविलेली. मग आपण स्वतः. मग मूल दुसऱ्याच्या कडेवर आणि शेगडी आपल्या हातीं. एकेका पायरीवर भय आपोआप उतरेपर्यंत थांबावयाचें. भय चढलेलें असतांना पळून यावयाचें नाहीं आणि कोणीं ढकलावयाचेंहि नाहीं. 'आम्ही करतों सगळें, तूं आंत येऊंच नकोस' ही माया दिसावयास गोड; पण ती टाळाटाळ पक्की करते. आणि त्या एका वाक्याचा बंदोबस्त घरांतील वडील माणसानेंच केला पाहिजे. सासूबाईंनीं सर्वांच्या देखत, पंगतींत, एकदांच सांगावें कीं, पाय न उचलणें हें तिच्या हातीं नव्हतें आणि हा विषय पुनः निघणार नाहीं. डॉक्टर हें सांगूं शकतात, पण पंगतीला डॉक्टर नसतो.

मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञ जिल्ह्याच्या रुग्णालयांतून व वैद्यकीय महाविद्यालयांतून भेटतात. कोठें जावें हें न समजल्यास १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा २०२२ सालापासून चालू आहे व ती मराठींतहि मिळते. कांहीं रुग्णांना सर्ट्रालीनसारखीं औषधें लागतात. तीं सुरू करणें व थांबविणें दोन्ही वैद्याच्याच सल्ल्यानें.

राहिली एक गोष्ट. थिजणें अजिबात टाळतां येत नसलें तरी आंखूड करतां येतें. आपत्तींतून वांचलेल्यांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांचें म्हणणें असें कीं, आगींत व बुडत्या जहाजांत बहुसंख्य माणसें सुन्न होतात. कारण कधींहि न केलेली कृति नव्यानें जुळविण्यास मेंदूला आठ-दहा सेकंद लागतात, आणि अंगवळणीं पडलेली कृति उचलण्यास एक-दोन. विमानांत व शाळांत सराव घेतात तो याचसाठीं. घरांत तो कोणीच घेत नाहीं. रेग्युलेटर कोणत्या बाजूला फिरतो, हें घरांतील प्रत्येकानें, आजोबांनीं व दहा वर्षांच्या मुलानेंहि, स्वतःच्या हातानें फिरवून पाहावें. मूल उचलून दाराबाहेर जाणें हें प्रत्यक्ष चार-सहा वेळां पायांनीं करून पाहावें. नुसतें बोलून पायांना कळत नाहीं. गॅसचा वास आला तर विजेच्या बटणाला हात न लावतां खिडक्या उघडाव्या, बाहेर पडून १९०६ हा क्रमांक फिरवावा. तो क्रमांक व अग्निशामक दलाचा १०१ स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरच्या बाजूनें मोठ्या अक्षरांत चिकटवावा. आणि नळीवर छापलेली तारीख आजच पाहावी, पांच वर्षें होऊन गेलीं असल्यास ती बदलून घ्यावी.